१७ मार्च १९३७ आठवतो का? चुकलेल्या तारखांचा हिशेब

२० मार्च कोणता दिवस, हे आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगेल. २५ डिसेंबरही सांगेल. पण १७ मार्च १९३७ ला काय झाले, असे शिबिरात विचारले की भले भले कार्यकर्ते एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यात आपल्या बाजूने निकाल दिला. तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तो दिवस आपण साजरा करतो. ते पाणी कायद्याने आपले ठरले, तो दिवस आपल्या कॅलेंडरवर नाही.

हा विसर साधा नाही. आज गावोगावी आपल्या माणसांच्या जमिनी, घरे आणि वहिवाटी कोर्टात ज्या कारणाने जात आहेत, त्याच्याशी या विसराचा थेट संबंध आहे. तेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे.

महाडच्या सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही अशी पूर्वापार वहिवाट आहे, असे न्यायालयाने जाहीर करावे आणि त्यांना कायमची मनाई करावी, ही त्यांची मागणी होती. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. पुढे महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय आणि शेवटी उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांवर हा दावा चालला. नऊ वर्षे तीन महिने चालला. या काळात बाबासाहेब तीन वेळा गोलमेज परिषदेला लंडनला जाऊन आले. पुणे करार झाला. येवल्याची घोषणा झाली. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. महाडचा दावा मात्र एकदाही वाऱ्यावर सोडला गेला नाही. तीनही न्यायालयांत सनातनी हरले, कारण ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही.

आता उलटे करून बघा. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्स बाजूला टाकले असते तर? 'कोर्ट त्यांचे, न्यायाधीश त्यांचे, जाऊन काय उपयोग,' असे म्हणून ते घरी बसले असते तर? सनातन्यांचे साक्षीदार येऊन शपथेवर सांगून गेले असते, की पिढ्यान्‌पिढ्या एकाही अस्पृश्याने या तळ्याला हात लावलेला नाही. त्यांना उलट प्रश्न विचारायला कोणी नसते. मग २० मार्चच्या क्रांतीवर एका एकतर्फी हुकूमनाम्याचा शिक्का बसला असता, आणि तो दाखवून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पाणवठ्यावरून आपल्याला हाकलले गेले असते.

हे बाबासाहेबांनी होऊ दिले नाही. आज ते आपण रोज होऊ देत आहोत.

मराठवाड्यातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून न्यायालयात आहे. साठी ओलांडलेली एक आजी. अडीच एकर जमीन. ती महारकी वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली, तेव्हा तिच्या सासऱ्याने ठरलेली रक्कम भरून ती नवीन शर्तीवर परत आपल्या नावावर करून घेतली होती. शेजारच्या बड्या जमीनदाराने दावा लावला. १९८५ साली ही जमीन आम्हाला विकली, असे म्हणत त्याने एक साधा कागद पुढे केला. त्या कागदाची नोंदणी नाही. नवीन शर्तीच्या जमिनीच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत होती, तीही नाही. कायद्यापुढे या कागदाची किंमत रद्दीची. हे दोन मुद्दे लेखी मांडले असते, तर समोरच्या वकिलाला घाम फुटला असता.

पण ते मांडलेच गेले नाहीत. बेलीफ समन्स घेऊन आला. आजीने अंगठा दिला. गावातला एक पुढारी म्हणाला, "काही नाही म्हातारे, नुसती नोटीस हाय." नातू चाकणला कंत्राटी कामाला. तो एक दिवसाची रजा टाकून आला, तालुक्याच्या वकिलाकडे पाच हजार रुपये आणि वकीलपत्रावर आजीचा अंगठा देऊन गेला. वकील म्हणाले, "मी कळवतो." त्यांनी कळवले नाही. नातवाने मोबाईल नंबर बदलला, तो वकिलांना दिला नाही. कैफियत दाखल झाली नाही. न्यायालयाने तिच्या कैफियतीविना दावा पुढे चालवला. वादीने आपला पुरावा दिला, उलटतपास झाला नाही, निकाल लागला. आजीला हे कधी कळले? पीकविम्यासाठी सातबारा काढायला गेली, आणि सातबाऱ्यावर तिचे नावच नव्हते, तेव्हा. निकालाला तोवर वर्ष उलटून दोन महिने झाले होते.

ही जमीन पुराव्यावर गेली नाही, तारखेवर गेली.

तुमच्या गावातली अशी एखादी गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. म्हणून कायदा काय म्हणतो ते एकदा नीट समजून घेऊ.

समन्स मिळाले की दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपले लेखी म्हणणे, द्यायचे असते. न्यायालय कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्याही पुढे सवलत देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सांगितले, पण ती अपवाद म्हणून, आणि सबळ कारण असेल तरच. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात तर १२० दिवसांनंतर दारच बंद होते. न्यायालयाची इच्छा असली तरी ते उघडता येत नाही.

आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे: समन्स घेतलेच नाही तर केस लागत नाही. ही समजूत घात करते. तुम्ही नाकारले, तर बेलीफ ते दाराला चिकटवतो, पंचांसमोर तसे लिहून देतो, आणि न्यायालय समन्स बजावले गेले असे धरू शकते. तुमची मुदत तिथून चालू होते. तुम्ही घरात गप्प बसलात म्हणून घड्याळ थांबत नाही.

तारखेला गेलात नाही, तर दावा एकतर्फी चालतो. अशा वेळीही वादीला पुरावा द्यावाच लागतो, पण त्या पुराव्याला छेद देणारे कोणी नसते. मात्र निकाल लागण्याआधी कोणत्याही टप्प्यावर जाऊन हजर होता येते, आणि कारण योग्य असेल तर एकतर्फीचा आदेश मागे घ्या, असा अर्जही देता येतो. उशीर झाला म्हणून न जाणे ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी.

निकाल लागून गेला, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यायचा. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे ३० दिवस तुम्हाला निकाल कळल्यापासून मोजतात. आजीचा अंगठा समन्सवर होता, म्हणून तिचे ३० दिवस निकालाच्या तारखेपासून मोजले गेले. जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकायचा.

दावा तुम्हीच लावला असेल, आणि प्रतिवादी हजर असताना तुम्ही गैरहजर राहिलात, तर दावा निकाली निघतो. त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. तोच दावा पुन्हा चालू करा, असा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो.

आणि आपल्या घरांत सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट: पक्षकार म्हातारा असतो, दावा चालू असताना वारतो. वारसांची नावे ९० दिवसांत लावली नाहीत, तर त्याच्यापुरता दावा संपतो. तो जिवंत करायला आणखी ६० दिवसांचा अर्ज. आपण तेराव्यात आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका छापण्यात गुंतलेलो असतो, आणि बापाने पंधरा वर्षे चालवलेला दावा बापाबरोबर जातो.

सगळ्यात कडक घड्याळ दावा लावण्याआधीचे असते. तुमच्या मालकीच्या जमिनीवर दुसऱ्याने उघडपणे, ती आपलीच म्हणून ताबा केला, तर ताबा परत मागायला १२ वर्षे मिळतात. नुसता हक्क जाहीर करून मागायचा तर ३ वर्षे. ही मुदत गेली तर विलंब माफीचा अर्जही चालत नाही, कारण मुदत कायद्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू होते, दाव्याला नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही, तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयाला भागच असते. ताब्याच्या बाबतीत तर १२ वर्षांनंतर तुमचा मालकी हक्कच संपतो. 'पाटलाशी वाकडे कशाला, बघू नंतर,' असे म्हणत आपल्या आज्या-पणज्यांनी काढलेली वर्षे अशी हिशेबात येतात.

आता कोणी म्हणेल, न्यायालये इतकी निर्दय नाहीत, उशीर माफ करतात. करतात, हे खरे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विलंबाच्या अर्जाकडे उदारपणे बघावे, तांत्रिक कारणापेक्षा न्याय मोठा. हा निकाल आपले वकीलही रोज दाखवतात. पण त्या प्रकरणात उशीर कोणाचा माफ झाला होता? अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्याचा. जमीन गेलेल्या माणसाची भरपाई वाढली होती, म्हणून सरकार अपिलात गेले होते, आणि तेही चार दिवस उशिरा. पुढे २०१२ मध्ये पोस्ट खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला त्याच न्यायालयाने नकार दिला आणि सरकारी फायलींच्या संथपणाची सबब नेहमी चालणार नाही असे सुनावले. चांगलेच झाले. पण यातून आम्ही जे बघतो ते असे: सरकारकडे वकिलांची फौज, कारकून, शिपाई, गाडी, सगळे असूनही त्याला उशीर होतो, आणि त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढू शकते. आमच्या आजीला विलंब माफीच्या अर्जात एक एक दिवसाचा खुलासा मागितला जातो. ती काय लिहिणार? 'ऊस तोडायला गेले होते, कोणी वाचून दाखवले नाही,' एवढेच ना?

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देऊ नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या प्रकरणात म्हटले आहे. खेड्यातला माणूस वकील लावतो, विश्वास टाकतो, आणि आपल्या कामाला लागतो, हे त्या निकालात समजून घेतले आहे. हा आपल्या हातातला चांगला आधार आहे. पण आधार आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पक्षकाराने स्वतःही लक्ष ठेवायला हवे होते, असे म्हणून असे अर्ज फेटाळलेही जातात.

मग मुदतीच रद्द करा, असे म्हणायचे का? आम्ही तसे म्हणत नाही. मुदत आपल्यालाही वाचवते. चाळीस वर्षे कसलेल्या जमिनीवर कोणी उद्या आजोबाचा जुना कागद घेऊन उभा राहिला, तर त्याला अडवणारे पहिले हत्यार मुदतच असते. आमचा आक्षेप मुदतीवर नाही. ३० दिवस सगळ्यांना सारखेच, असे म्हणून जी समता मिरवली जाते, तिच्यावर आहे. ज्याचा भाऊ वकील, मेहुणा तलाठी आणि जीप दारात, त्याचे ३० दिवस वेगळे. जिची एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि वकिलाची फी, तिचे ३० दिवस वेगळे. जातीने ज्याच्या हातात लेखणी दिली आणि ज्याच्या हातून काढून घेतली, त्या दोघांना एकाच घड्याळाने मोजणे हा न्याय नव्हे. म्हणून आमची मागणी आहे, की समन्सवर शेवटची तारीख आणि फुकट वकील कुठे मिळतो ते मराठीत ठळक अक्षरांत असलेच पाहिजे, बेलिफाने ते वाचून दाखवल्याची नोंद केली पाहिजे, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकाराविरुद्ध एकतर्फीचा आदेश करण्याआधी त्याला विधी सेवेची माहिती होती का, हे न्यायालयाने विचारले पाहिजे.

ही मागणी व्यवस्थेकडे. आता आमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे.

त्या आजीच्या गावात आम्ही दोन वेळा भाषण करून आलो होतो. दोन्ही वेळा १४ एप्रिलला. ज्या काळात तिची कैफियत दाखल व्हायला हवी होती, त्याच काळात तिच्या दारावरून आमची मिरवणूक गेली. मिरवणुकीच्या डीजेचे भाडे तिच्या वकिलाच्या फीपेक्षा जास्त होते. आम्ही संविधान, समता, बंधुता यांवर तासभर बोललो. 'कोणावर दावा लागला आहे का? कोणाच्या घरी कोर्टाचा कागद आला आहे का?' हा एक प्रश्न आम्ही विचारला नाही. तिने समन्स ट्रंकेत, बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवले होते. आमच्या भाषणापासून ते वीस पावलांवर होते. ही लाज आमची आहे, आणि ती आम्ही इथे लिहून ठेवतो.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' ही म्हण आपल्या लोकांनीही पाठ केली आहे. ज्याच्याकडे जमीन, पाणी आणि पंचायत आहे, त्याला ही म्हण परवडते. आपण पायरी चढलो नाही, तर तो एकटाच चढतो आणि कागद घेऊन खाली उतरतो. काही तरुण मित्र म्हणतात, न्यायव्यवस्थाच मनुवादी, तिच्याकडून काय अपेक्षा. मित्रांनो, १९२७ च्या महाडचे न्यायालय तुमच्या तालुक्याच्या न्यायालयापेक्षा जास्त आपले होते का? बाबासाहेबांनी त्या व्यवस्थेवर टीकाही केली आणि तिच्या तारखाही सांभाळल्या. टीका करतो म्हणून तारीख चुकवायची, ही सोय त्यांनी घेतली नाही.

म्हणून प्रत्येक शाखेला, प्रत्येक विहाराला आमचे आवाहन आहे.

विहारात एक तारीखवही ठेवा. गावातल्या आपल्या माणसांचे चालू दावे, वकिलाचे नाव, पुढची तारीख आणि त्या तारखेला काय करायचे आहे, ते तिच्यात लिहा. दर रविवारी वंदनेनंतर पुढच्या आठवड्यातल्या तारखा वाचून दाखवा.

प्रत्येक दाव्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले कामकाज दिसते. दिवसभर रील बघणाऱ्या पोराला हे काम द्या. पाच मिनिटांचे काम आहे.

वकील लावायला पैसे नाहीत, हे कारण संपवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही तसाच हक्क आहे. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. तो विहाराच्या भिंतीवर रंगवा.

घरात मृत्यू झाला तर चौथ्या दिवशी एकाने विचारायचे: मयताच्या नावावर दावा होता का? असेल तर त्याच आठवड्यात वकिलाला कळवायचे. फोन नंबर बदलला तरी वकिलाला कळवायचे. कोर्टाचा कागद आला तर घ्यायचा, आल्याची तारीख त्याच्यावर लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणायचा.

आणि आपल्या समाजातल्या वकील बांधवांना हात जोडून सांगणे आहे. तुमच्या काळ्या कोटात बाबासाहेबांच्या बॅरिस्टरीचे ऋण आहे. महिन्यातून एक दिवस वस्तीत बसा. तुमच्या टेबलावर पडलेल्या वकीलपत्रात किती जणांची कैफियत द्यायची राहिली आहे, ते आज रात्री बघा.

त्या आजीच्या विलंब माफी अर्जाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तिच्या बाजूने आता विधी सेवा समितीचा वकील आहे. १९८५ च्या त्या कागदावर नोंदणी नाही आणि परवानगी नाही, हे प्रथमच न्यायालयापुढे लेखी गेले आहे. अर्ज मंजूर होईल की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. उशीर फार झाला आहे, आणि त्यातला काही उशीर आमचा आहे. परंतु त्या तारखेला सकाळी साडेदहाला आजीबरोबर आमच्यातले चौघे न्यायालयाच्या बाकावर बसलेले असतील. पुढच्या १७ मार्चला तिच्या गावात कार्यक्रम ठेवला आहे. डीजे नाही, भाषणही फार मोठे नाही. प्रत्येकाने घरातले कोर्टाचे कागद घेऊन यायचे आहे.

जय भीम! जय संविधान!